ब्रूनोची गोळी आणि आक्कांचे सोमवार

"तोंडात चमचा घालू नका!"

हे वाक्य मी आजवर किती वेळा ओरडलो असेन, त्याची मोजदाद नाही. फोनवर ओरडलो, रस्त्यात ओरडलो, एकदा तर खानापुरात लग्नाच्या पंगतीत हातात जिलेबी धरून ओरडलो. कुत्र्याला फिट आली की आपल्या लोकांना सगळ्यात आधी चमचा आठवतो. जीभ गिळेल म्हणतात. अहो, कुत्रं जीभ गिळत नाही! चमचा घातला तर त्याचा दात मोडतो, बोट घातलं तर तुमचं बोट जातं. त्या वेळी त्याला मालक-बिलक काही ओळखू येत नसतं.

मी जनावरांचा डॉक्टर. निपाणी, चिक्कोडी, खानापूर अशा सरकारी दवाखान्यांतून नोकरी केली ती गाईम्हशींच्या मागे. निवृत्त झाल्यावर बेळगावात टिळकवाडीत एक लहानसा दवाखाना घातला आणि बघतो तर बाकावर ओळीनं लॅब्रडोर बसलेले. पोरं नोकरीला पुण्या-बेंगळुरूला जातात, हौसेनं कुत्रं घेतात, मग बदली होते, नाहीतर परदेशी जातात, आणि कुत्रं येतं इकडं आईवडलांकडं. माझी निम्मी गिऱ्हाइकं म्हणजे असली आजी-आजोबांनी सांभाळलेली कुत्री. त्यांतल्या फिट येणाऱ्या कुत्र्यांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कुणी शिकवलं नाही, म्हणून त्यांच्याबद्दल लिहितोय.

फिट म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगतो. लाईटचं व्होल्टेज एकदम वाढलं की बल्ब कसा फडफडतो, तसं मेंदूत होतं. कुत्रं आडवं पडतं, अंग ताठ होतं, पाय सायकल मारल्यासारखे हलतात, तोंडाला फेस येतो, लघवी होते. बघणाऱ्याला वाटतं तासभर चाललंय. बहुतेक वेळा ते एक-दोन मिनिटांत थांबतं. मग कुत्रं उठतं, भेलकांडतं, भिंतीला धडकतं, घरच्यांनाच ओळखत नाही, आणि वखवखल्यासारखं खायला मागतं. अशा वेळी आपण करायचं एवढंच की आजूबाजूच्या खुर्च्या-टेबल सरकवायचे, जिन्यापासून त्याला लांब ठेवायचं, टीव्ही बंद करायचा, गर्दी हटवायची आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एका दिवसात दुसरी-तिसरी आली, तर गाडीत घालून डॉक्टर गाठायचा. आता मोबाईल सगळ्यांकडं आहेत, तेव्हा कुणीतरी व्हिडिओ काढावा. त्याचा मला फार उपयोग होतो.

पण घड्याळ बघतो कोण? कडोलीचे एक गुरुजी होते, तिथल्या साहित्य संमेलनात दरवर्षी कविता वाचणारे. त्यांच्या कुत्रीला फिट आली. मला त्यांनी पाऊण तास वर्णन ऐकवलं. डोळ्यांतली वेदना ऐकवली, अंगणातली स्तब्धता ऐकवली, जास्वंदीचं फूल कसं त्याच क्षणी गळालं तेही ऐकवलं. मी विचारलं, "गुरुजी, किती मिनिटं चालली?" ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अशा प्रसंगी काळाचं भान कुणाला असतं हो?" मी म्हटलं, "तुम्हाला असायला पाहिजे होतं!" गुरुजी रुसून गेले. कुत्रीला मात्र औषध नेमानं दिलं त्यांनी, आणि ती म्हातारी होऊन मेली.

कोगनोळीचा एक ट्रकवाला होता. त्यानं कुत्र्याच्या नाकाला आधी कांदा लावला, मग चप्पल लावली. माणसाला फिट आली की आपल्याकडं करतात तेच. फिट आपोआप थांबली, कुत्रं उठलं, भुकेनं खवळलेलं होतं, त्यानं ती चप्पलच खाल्ली. हा गडी मला येऊन सांगतो, "डॉक्टर, चपलेचा लई गुण आला, अर्धी पोटात गेली आन् लगीच बरं झालं बघा." ती चप्पल काढायला मला दीड तास लागला, आणि त्या दीड तासात मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

माझा आवाज आधीच मोठा. त्यात आमच्या आईनं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबून आम्हाला शिकवलेलं. आमचं घर बौद्ध, उपास-नवस-अंगारे वडलांच्या काळातच घरातून गेलेले. त्यामुळं असलं काही दिसलं की माझं डोकंच फिरायचं. कुत्र्याच्या गळ्यात लिंबू-मिरची दिसली की मी कात्री घेऊनच उठायचो. लोक हसायचे, ऐकायचे, आणि पुन्हा यायचे. मला वाटायचं, बरं आहे, धाक आहे म्हणून औषध तरी वेळेवर देतात. या धाकाचा मला अभिमान होता, हे कबूल करतो.

सुमनआक्का पहिल्यांदा आल्या त्या बोटाला फडकं गुंडाळून. अनगोळला राहणाऱ्या, वय साठीच्या पुढं, नवरा वारलेला. मुलगा महेश परदेशी गेला आणि त्याचा लॅब्रडोर आईकडं राहिला. नाव ब्रूनो. आक्का त्याला बुरन्या म्हणायच्या. रिक्षातून उतरल्या, मागं हा तांबूस धिप्पाड गडी, रिक्षावाल्याच्या पाठीवर लाळ गाळत.

"चमचा घातलासा ना तोंडात?" मी फडकं बघूनच विचारलं.

"चमचा घावला न्हाय ओ, म्हणून बोट घाटलं," आक्का म्हणाल्या.

मग मी सुरू झालो. आक्का मान खाली घालून ऐकत होत्या, आणि ब्रूनो माझ्याकडं बघून शेपूट आपटत होता. माझं संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माझं बोट जाऊ दे डॉक्टर. ह्याचं काय ते बघा. घरात मी आनि ह्यो, दोघंच हाय. महेशचा फोन आला की आधी ह्यो पळतोय."

मी सगळ्या तपासण्या केल्या. फिट विषबाधेनं येते, साखर उतरली की येते, लिव्हर बिघडलं की येते, डोक्याला मार लागला की येते. यांतलं काहीच नसलं तर आम्ही त्याला अपस्मार म्हणतो. तरण्या, धडधाकट कुत्र्यांना होतो, ब्रूनो तेव्हा तीन वर्षांचा होता. हा आजार मुळापासून जात नाही. रोज सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतरानं गोळी, बहुधा जन्मभर. आणि त्यातली मुख्य गोष्ट अशी की गोळी मध्येच बंद केली तर पहिल्यापेक्षा जोरात फिट येते. औषधाची सवय लागलेल्या मेंदूचा आधारच निघून जातो.

"गोळी खाईल काय ओ?" आक्कांनी विचारलं.

"कोंबडीच्या कलेजीत घालून द्या," मी म्हटलं. "रोज सकाळ-संध्याकाळ, कलेजीतून. एकसुद्धा चुकवायची नाही. कळलं?"

"व्हय डॉक्टर."

"आणि फिट आली की कॅलेंडरवर खूण करा."

"व्हय डॉक्टर."

पुढचा माणूस आत आला. सगळं मिळून दहा मिनिटं झाली असतील.

ब्रूनोला गुण आला, पण पुरता नाही. गोळी सुरू असताना दोन-तीन महिन्यांतून एखादी फिट चालते. याला महिन्यातून दोनदा यायची. आक्का दर महिन्याला येऊन तोंडी सांगायच्या. भिंतीवरचं कॅलेंडर काढून रिक्षातून कोण आणणार, आणि मीही कधी मागितलं नाही.

"गोळी चुकवत नाही ना?" मी दर वेळी विचारायचो. हा काही प्रश्न नव्हता, दमदाटीच होती ती. त्याला उत्तर एकच येणार.

"न्हाय डॉक्टर. तुम्ही सांगिटल्यासारखीच देतोय."

मग मी डोस वाढवायचो. ब्रूनो जाड झाला, पाणी ढसाढसा प्यायला लागला, मागच्या पायांत लटपटायला लागला. फिटा तेवढ्याच. मी पुस्तकं काढून बसलो, दुसरं औषध जोडलं, जुन्या सहाध्यायाला फोन केले. आक्कांना मी एकदाही विचारलं नाही की तुमचा दिवस कसा जातो, घरात काय शिजतं, ब्रूनो काय खातो.

श्रावण लागून आठवडा झाला होता. मंगळवारी सकाळी आक्कांच्या शेजारीण भारतीताईंचा फोन आला. "डॉक्टर, लवकर या, बुरन्याची फिट थांबतच न्हाय."

स्कूटरवरून अनगोळला पोचलो तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती. स्वयंपाकघरात फरशीवर ब्रूनो पडला होता, अंग भट्टीसारखं तापलेलं. आक्का त्याच्या डोक्याखाली आपली घडी घातलेली साडी ठेवून बसल्या होत्या. खुर्च्या बाजूला सरकवलेल्या होत्या. टीव्ही बंद होता. तोंडात चमचा नव्हता. मी सांगितलेलं सगळं त्यांनी केलेलं होतं.

शिरेतून इंजेक्शन दिलं. थांबली. ओले पंचे अंगावर टाकले, पंखा लावला. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू. पुन्हा इंजेक्शन. ओट्यावरून पाणी घ्यायला उठलो तेव्हा समोर कॅलेंडर दिसलं.

सोमवारच्या आडव्या ओळीत प्रत्येक तारखेला कुंकवाचा ठिपका होता. त्या महिन्यात दोनच. मी मागचं पान उलटलं, त्याच्या मागचंही उलटलं. सोमवारच्या ओळीत सगळीकडं कुंकू, आणि त्याखाली मंगळवारी नाहीतर बुधवारी पेनानं काढलेली फुली. दुसऱ्या कुठल्याच वाराला फुली नव्हती.

"हे कुंकू कसलं?" मी भारतीताईंना हळू विचारलं.

"आक्का सोमवार धरत्यात की, बुरन्यासाठी. त्याच्या फिटा जाऊ देत म्हणून. लई कडक धरत्यात. त्या दिवशी घरात वशाट, मटण-कोंबडी कायबी आनत न्हाईत."

खिडकीत एका वाटीत गोळ्यांची पट्टी होती. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी मीच दिलेली. एकही गोळी फोडलेली नव्हती. श्रावणभर घरात मटण-कोंबडी नाही, म्हणजे कलेजी नाही, म्हणजे गोळी नाही. त्याच्यासाठी धरलेल्या सोमवारीच त्याचं औषध बुडत होतं, दुसऱ्या दिवशी फिट येत होती, आणि फिट आली की आक्का पुढचा सोमवार आणखी कडक धरत होत्या. आणि मी तिकडं बसून डोस वाढवत होतो.

दुपारी दोनच्या सुमारास ब्रूनो गेला.

आक्का रडल्या नाहीत. त्याचे कान सरळ केले, तोंडाचा फेस पदरानं पुसला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "माझं कायतरी चुकलं काय ओ, डॉक्टर?"

आयुष्यभर ओरडलेला माणूस मी, त्या दिवशी हळूच म्हटलं, "नाही आक्का. आजारच तसला होता."

मला वाटलं, खोटं असू दे, पण बाईला एवढं तरी समाधान. खरं सांगून त्यांच्या जन्माला घोर कशाला लावायचा? तसं म्हणत मी घरी आलो. खरं सांगितलं असतं तर माझाही भाग त्यात सांगावा लागला असता, हे मला तेव्हाही कळत होतं.

त्यानंतर मी माझी पद्धत बदलली. आता फिटचं कुत्रं आलं की मी आधी खुर्ची ओढून देतो. विचारतो, घरात कोण कोण, वार कुठले पाळता, श्रावण पाळता का, परगावी गेलात की गोळी कोण देतं. कॅलेंडरचा फोटो काढून आणा म्हणतो. लांब फिट आली तर घरच्या घरी मागच्या वाटेनं द्यायचं औषध देऊन ठेवतो आणि ते कसं द्यायचं ते करून दाखवतो. एका बाईंनी सांगितलं की अमावस्येला त्या गोळी देत नाहीत. पूर्वी मी दवाखाना डोक्यावर घेतला असता. त्या दिवशी विचारलं, "का हो ताई?" त्यांनी कारण सांगितलं, आणि दहा मिनिटांत मार्ग निघाला. सुमनआक्कांच्या घरावरून मात्र मी जात नव्हतो, अनगोळला जायचं असलं तर दुसऱ्या रस्त्यानं जायचो.

तीन वर्षं अशीच गेली. गेल्या साली भारतीताईंच्या पिल्लाला लस टोचायला आक्काच घेऊन आल्या. वाळल्या होत्या. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, "आक्का, तुम्हीपण एखादं पिल्लू ठेवा की आता."

"नगं डॉक्टर," त्या म्हणाल्या. "माझ्या हातनं पाप झालंया. माझ्यापायी मुकं जनावर गेलं."

मला वाटलं, गोळीचं यांना कळलं. पण आक्का वेगळंच सांगत होत्या. त्या श्रावणाच्या आधी एका सोमवारी निपाणीला भाचीचा साखरपुडा होता. तिथं कुणीतरी हातात केक दिला, आणि त्यांनी नको नको म्हणत तोंडात घातला. त्यात अंडं होतं हे त्यांना घरी आल्यावर कळलं.

"सोमवार मोडला. महादेवानं बुरन्याला नेला. तवापासनं मी देवळात आत जात न्हाय. भाइरच पायरीला हात लावतोय आनि म्हागारी येतोय. कंच्या तोंडानं जाऊ?"

बाकावर माणसं होती. मी पिल्लाला सुई टोचली, कार्डावर सही केली, त्यांना रिक्षापर्यंत सोडलं. त्यांना घोर लागू नये म्हणून मी गप्प बसलो होतो, आणि त्या बाईनं तीन वर्षं एका केकच्या तुकड्यापायी स्वतःला गुन्हेगार ठरवलं होतं. माझी मलाच शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनगोळला गेलो. आक्का स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. "या की डॉक्टर, बसा की," म्हणून त्यांनी पाट सरकवला. मी पाटावर बसून सगळं सांगितलं. कॅलेंडर सांगितलं, कुंकू आणि फुल्या सांगितल्या, न फोडलेली पट्टी सांगितली. म्हटलं, "आक्का, केकनं काही झालं नाही. गोळी चुकली म्हणून झालं. आणि वार न विचारता कलेजीतून द्या म्हणून सांगणारा मी. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो."

आक्का मेथीची काडी हातात धरून बसल्या.

"सोमवारी मी त्याला शेंगदाण्याचा लाडू द्यायचो," त्या म्हणाल्या. "माझ्या फराळातला. हातातनं वढून खायचा. त्यातनं गोळी चालली असती?"

"चालली असती."

"मला वाटलं, कलेजी म्हंजे अनुपान हाय. आमची सासू मात्रा मधातनं द्यायची. मध नसला तर द्यायचीच न्हाय. म्हणायची, अनुपान चुकलं तर औषध बाधतंय."

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तरी समजत होतो की आक्कांनी उपासापायी गोळी बुडवली. त्यांनी माझा शब्द अक्षरशः पाळला होता. डॉक्टरनं कलेजीतून सांगितलंय, तर कलेजी नसताना द्यायची नाही.

"एकदा विचारायचं होतं मला, आक्का."

"इचारणार व्हतो की. दोनदा दवाखान्याच्या पायरीपतोर आलतो. तुम्ही आत कुनावर तरी वराडत व्हतासा. म्हागारी गेलो."

आक्कांनी मग पदर डोळ्यांना लावला आणि रडल्या. ब्रूनो गेला त्या दिवशी रडल्या नव्हत्या, त्या आता रडल्या. रडून झाल्यावर त्यांनी तोंड धुतलं, माझ्यापुढं चहा ठेवला आणि समोर बसून विचारलं,

"म्हंजे माझा सोमवार मोडल्यानं न्हाय गेला त्यो?"

"नाही."

"मग मला देवळात आत जायला हरकत न्हाय म्हना की."

मला विचारत होत्या. देवळाच्या दारात उभं राहू न दिलेल्यांच्या नातवाला, ज्यानं स्वतःही कधी देवळाची पायरी चढली नाही, त्याला.

"नाही आक्का," मी म्हटलं. "तुम्हाला कसली हरकत? तुम्ही खुशाल आत जा."